ओव्हर म्हटल्याशिवाय

खोली दाखवायला सुभेदार स्वतः आले. कुलूप काढलं, खिडकी उघडली आणि भाड्याबद्दल अक्षरही न काढता मला म्हणाले, "बाई, तुमी लय मधी बोलता."

मला येऊन पाच मिनिटं झाली होती आणि मी जेमतेम तीन वाक्यं बोलले होते. आता ती तिन्ही त्यांचीच होती, हे खरं. सुरुवात त्यांनी केली होती आणि शेवट मी. "पाणी सकाळी..." असं ते म्हणाले तर मी म्हणाले, "सहाला येतं, माहितीये, सगळीकडे सहालाच येतं." मेढ्यात पाणी साडेसातला यायचं. पहिले चार दिवस मी सहाला उठून कोरड्या नळाखाली बादली धरून बसत होते, पण त्यांना विचारायला गेले नाही. स्वभाव.

मी सांगलीची. आमच्या घरात माणसं पाच आणि पाचही एकाच वेळी बोलणारी. जेवताना ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं, आणि ज्याला ठसका लागला तो त्या दिवसापुरता हरला. अशा घरातून उठून मी मेढ्याच्या हायस्कुलात गणिताची बाई म्हणून आले, ते नव्वदीच्या दशकाची सुरुवात असेल. डोंगरात वसलेलं तालुक्याचं गाव. संध्याकाळ झाली की चहूबाजूंनी डोंगर जवळ सरकल्यासारखे वाटायचे आणि माझा जीव कासावीस व्हायचा. पहिल्याच महिन्यात मी सांगलीकडे बदली मिळावी म्हणून अर्ज टाकला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पिशवी उचलून सरळ एसटी स्टँड. माझी एक चप्पल कायम दारात आणि एक पायात, असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे सुभेदारांची बायको.

सुभेदारांनी सव्वीस वर्षं लष्करात वायरलेस सांभाळला होता. कुठल्या कुठल्या डोंगरावर, बर्फात, जंगलात कानाला यंत्र लावून बसलेला माणूस. निवृत्त होऊन मेढ्यात घर बांधलं, पण वायरलेस काही डोक्यातून उतरला नाही. त्याच दिवशी त्यांनी मला घराचा नेम सांगितला.

"आमच्या घरात ज्याचं बोलनं झालं, त्यानं ओव्हर म्हनायचं. त्यानं ओव्हर म्हनल्याबिगर दुसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाई. वायरलेसचं असंच असतंय. बटन दाबून बोलाय लागलं की आपलं कान बंद. दोगांनी एकदम बटन दाबलं की दोगंबी भैरं. ओव्हर."

मी हसले. ते हसले नाहीत. वाट बघत उभे राहिले. शेवटी मी म्हणाले, "बरं." तरी उभेच. "बरं, ओव्हर," म्हणाले, तेव्हा कुठं किल्ली हातात पडली.

आता ऐकणारा माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीतरी शांत, मंद हसणारा येतो. सुभेदार तसे मुळीच नव्हते. एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. समोरचा बोलायला लागला की यांची फेऱ्या मारायला सुरुवात. मूठ उघड, मूठ मीट. नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रेडिओचं झाकण काढ, परत लाव. बोलायची इतकी उबळ यायची की मानेवरची शीर दिसायची. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. कुणी बोलायला बसलं की ते खिशातून अख्खी सुपारी काढून गालात धरायचे. सुपारी असली की तोंड उघडता येत नाही, असा हिशोब. मी एकदा त्यांना म्हटलं, "सुभेदार, इतका त्रास होतो तर कशाला ऐकता?" त्यांनी सुपारी तळहातावर काढली, बोलायला तोंड उघडलं, आणि मग पुन्हा गालात टाकली. माझं 'ओव्हर' राहिलं होतं.

काकूंनी या नेमाचं पाणी केव्हाच जोखलं होतं. "भाकरी वाढलीया, ओव्हर," "मिठाचा डबा कुटं ठेवलासा, ओव्हर," असं सगळं त्या कपाळाला आठी न घालता म्हणायच्या. पण भांडण झालं की चार वाक्यं सुनवायच्या आणि ओव्हर न म्हणताच स्वयंपाकघरात निघून जायच्या. मग सुभेदार लटकलेले. अर्धा अर्धा दिवस मुका माणूस घरात येरझाऱ्या घालायचा. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन कळवळून म्हणायचे, "अगं, ओव्हर तरी म्हन!" काकू तांदूळ निवडत राहायच्या. त्यांची मुलगी मंगल, विशीतली, साताऱ्याला कॉलेज संपवून नुकतीच घरी आलेली. ती आणि मी तोंडावर पदर-ओढणी दाबून हसायचो.

त्याच सुमारास स्टँडसमोर एसटीडीचं पिवळं दुकान निघालं. तालुक्यातल्या घराघरातला माणूस फौजेत. बायका चार चार मैल चालत यायच्या, आसामला नाहीतर काश्मीरला फोन लावायच्या. त्या वेळी लांबच्या फोनवर आवाज थोडा उशिरा पोचायचा. इकडून बाई "हॅलो, मी बोलतीया," तिकडून त्याच वेळी "हॅलो, कोण?", मग दोघं गप्प, मग दोघं एकदम, आणि मीटर पळतोय. एक बाई दोनदा फोन लावून, नवऱ्याचा एक शब्द न कळता, बाहेर पायरीवर रडत बसली होती. सुभेदार तिथून चालले होते. त्यांनी तिला उठवलं, परत आत नेलं, रिसीव्हर स्वतः घेऊन त्या जवानाला हिंदीत हुकूम सोडला की बोलून झालं की ओव्हर म्हणायचं. मग तिच्या हातात दिला. तीन मिनिटांत त्या दोघांचं घराच्या पत्र्याचं, म्हशीचं आणि पोराच्या बारशाचं बोलून झालं. पुढच्या महिन्याभरात सगळ्या फौजी बायका फोनवर ओव्हर म्हणायला लागल्या. दुकानाबाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, फोनवर बोलायची हीच रीत असते.

आमच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा एकदा शिक्षकांच्या बैठकीत ओव्हर म्हटलं आणि जीभ चावली.

मी मात्र सुधारत नव्हते. सातवीतली एक मुलगी भातलावणीच्या दिवसांत आठवडाभर आली नाही. आली तेव्हा मी तिला उभी केली. "बाई, मी..." एवढं ती म्हणाली, पुढचं मीच म्हणाले. "लावणीला गेली असशील! शिकून काय करायचंय, नाही का?" तिनं मान हलवली. मी वर्गासमोर पंधरा मिनिटं भाषण दिलं. संध्याकाळी तावातावानं हे सगळं सुभेदारांना सांगितलं, ओव्हर म्हणाले. त्यांनी सुपारी काढली.

"तिनं काय सांगितलं? ओव्हर."

"सांगितलं की. लावणीला गेले म्हणून. ओव्हर."

"ते तुमी सांगितलं. तिनं काय सांगितलं? ओव्हर."

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला एकटीला बोलावलं आणि दाताखाली जीभ धरून बसले. तिचा बाप दोन वर्षांनी रजेवर आला होता. आठ दिवसांची रजा. आठही दिवस ती त्याच्यामागून फिरत होती, तो न्हाणीत गेला तर दाराबाहेर उभी राहत होती. "मग काल का नाही बोललीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाईच म्हनल्या लावणीला गेलीस, मग मी कसं न्हाई म्हनू?" आजवर किती पोरांची वाक्यं मी अशी स्वतःच पुरी करून टाकली असतील, ते मी त्या रात्री मोजत बसले.

एवढा ऐकण्याचा जप करणारा हा माणूस, पण एक विषय निघाला की त्याचाही नेम मोडायचा. वरचं गाव.

वरचं गाव म्हणजे मेढ्यापासून तासाभराच्या चढावरचं त्यांचं मूळ गाव. तिथं त्यांचे थोरले भाऊ राहत, नाना. सुभेदार फौजेत असताना त्यांची बायको आणि मुलगी आधी नानांच्याच घरात होती. मंगल पहिली दहा वर्षं नानांच्या खांद्यावर वाढली. नानांना मूलबाळ नव्हतं. मग सुभेदारांची आई वारली. तार पोचून, रजा मिळून ते आले तेव्हा दहावा होऊन गेला होता. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर त्यांनी नानांना विचारलं, "आईला दवाखान्यात का नेली न्हाई?" नाना बोलायला लागले तर हे ओरडले. चौदाव्या दिवशी बायको-मुलीला घेऊन मेढ्यात भाड्याच्या खोलीत ठेवलं आणि गाडीत बसले. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं-चालणं बंद. हे मला काकूंनी सांगितलं, तेही सुभेदार घरात नसताना.

अन् मंगलचं लग्न ठरलं. मुलगा आष्ट्याचा, शाळामास्तर. याद्या झाल्या, तारीख निघाली. आमच्याकडे रीत अशी की पहिलं आमंत्रण देवाला आणि दुसरं भावकीला, तेही घरातल्या कर्त्यानं स्वतः अक्षता घेऊन जायचं. सुभेदारांनी नानांकडे न्हाव्याबरोबर पत्रिका धाडली. ती तशीच परत आली. मंगलनं ती परत आलेली पत्रिका बघितली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, नाना न्हाईत तर माझ्या डोक्यावर अक्षता पडायच्या न्हाईत. आष्ट्याला काय कळवायचं ते कळवा. ओव्हर."

सुभेदार तीन दिवस पिंजऱ्यात घातल्यासारखे फिरले. रेडिओ दोनदा खोलला आणि दुसऱ्यांदा तो काही जुळला नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले. हातात अक्षतांची वाटी, खिशात लिहून भरलेले फुलस्केपचे तीन कागद. "बाई, वर चला संगं. वायरलेसवर एक कंट्रोल असतंय. कुनी कवा बोलायचं ते त्यो सांगतो. आमा दोगांत कुनीतरी कंट्रोल पायजे." मी, जिला स्वतःचं तोंड आवरत नाही, ती कंट्रोल! पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. काकूंनी दारातच त्यांच्या खिशातले कागद काढून घेतले. "हे हितंच ऱ्हाऊ द्या. सांगाय न्हाई, ऐकाय निघालासा." ओव्हर त्या म्हणाल्या नाहीत आणि सुभेदारांनीही मागितलं नाही.

वैशाखाचं ऊन. चढावर हा माणूस जवळजवळ पळत होता, मी मागून धापा टाकत. मध्येच थांबायचे, म्हणायचे, "माघारी जाऊया का?" आणि मी काही म्हणायच्या आत पुढं पळायचे.

नाना शेतात होते. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून ती जागा पावसाआधी भाजून घेतात, ते काम चाललं होतं. अर्धा तुकडा जळून काळा झालेला. भावासारखेच उंच, पण वाकलेले. आम्हाला बघून त्यांनी काठीनं पाला सारखा करणं थांबवलं नाही.

"ठेव अक्षता बांधावर," नाना म्हणाले. "आन तुजं ते ओव्हर-बिव्हर मी म्हननार न्हाई. मी काय तुज्या पलटनीत न्हाई."

"नगा म्हनू," सुभेदार म्हणाले. सुपारी गालात टाकली.

मग नानांनी आमच्याकडे न बघता सुरुवात केली. "तुला कळाय पायजे त्या दिशी काय झालं. दोन दिस ताप हुता, पर दुपारपतोर आई बरी हुती. मंग धाप लागली. पाऊस कसला, आभाळ फाटल्यागत. समदं गाव लावणीला. मी आन तुजी वैनी, दोगांनी बाजल्यावर घेतली तिला..."

"मंग सकाळीच का न्हाई नेली?" सुपारी थुंकून सुभेदार ओरडले. "सकाळी पाऊस न्हवता! मी इचारलं हुतं त्याचं..."

नानांनी काठी टाकली आणि पाठ फिरवून बांध ओलांडून चालायला लागले. अकरा वर्षांनी अकरा वाक्यंसुद्धा झाली नव्हती. मला इतका संताप आला की मी सगळं विसरले, ते माझ्या वडिलांच्या वयाचे, माझे घरमालक, सगळं. "सुभेदार, गप बसा!" मी ओरडले. "अख्ख्या तालुक्याला ओव्हर शिकवलंत ना? तो माणूस मरायला टेकला तरी तुमचं एक वाक्य त्याच्या आधी जायला पाहिजे का?"

ते वळले आणि त्या गरम राखेतून, बांधाला वळसा न घालता, सरळ नानांमागे गेले. मीही गेले. पायाला चटके बसत होते. नाना आंब्याखाली पाठमोरे उभे होते. सुभेदार त्यांच्या मागे चार हातांवर थांबले.

"नाना, बाजल्यावर घेतली, तितनं सांगा."

नाना वळले नाहीत.

"बाजल्यावर घेतली आईला," सुभेदार पुन्हा म्हणाले. "तितनं फुडं."

मग नाना झाडाशी बोलल्यासारखे बोलू लागले.

"वढ्यावरच्या साकवापतोर गेलो. साकव पान्याखाली. मी म्हनलं, पान्यातनं नेतो. कमरंला पानी लागलं. आई म्हनली, माघारी फिरीव. मला घरात जाऊ दे. मी न्हाई म्हनलं. तिनं माजा हात धरला, म्हनली, तुज्या पाया पडते. मंग फिरीवलं मी. मीच फिरीवलं रं. तू तेराव्याला इचारलंस, का नेली न्हाई. समद्या भावकीम्होरं मी काय सांगनार? आई पाया पडली, म्हनून?"

सुभेदारांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी दाबून धरली.

"घरात आनली. दिवस मावळायच्या आदी तिला दिसंना झालं. तुजं नाव घ्याय लागली. धाकटा आला का, धाकटा आला का. तार कालच केलेली. तू कुटं, कुन्या डोंगरावर. म्या काय करावं?" नाना आता वळले. "मी म्हनलं, आलोय आई. तुज्या आवाजात म्हनलं. तिनं तोंडावरनं हात फिरीवला. म्हनली, आता जाऊ नगस. मी म्हनलं, न्हाई जात. म्हनली, गावातच ऱ्हा, नानाला एकटं टाकू नगस. मी म्हनलं, न्हाई टाकत. मंग गेली."

मला रडू फुटलं. मी तोंड दाबून धरलं, कारण त्या वेळी माझ्याकडून आवाज निघणं बरोबर नव्हतं.

"आन चौदाव्या दिशी," नाना म्हणाले, "तू पोरीला माज्या खांद्यावरनं उतरवून घेतलंस."

सुभेदार काही बोलले नाहीत. सुपारी तर केव्हाच थुंकलेली होती. ते खाली बसले, तिथंच, आंब्याच्या मुळीवर. मी त्यांना पहिल्यांदाच निश्चल बसलेलं बघितलं. मग नानाही त्यांच्याजवळ बसले. नानांच्या बायकोनं घरातून गूळ आणि पाण्याचा तांब्या आणला. अकरा वर्षांत त्या घरातून या माणसाला पाणी आलं नव्हतं. दोघं एकाच तांब्यानं पाणी प्यायले. बांधावरची अक्षतांची वाटी मी आणून नानांच्या हातात दिली. त्यांनी दोन दाणे कपाळाला लावले. "हळदीच्या आदल्या दिशी येतो, सांग पोरीला," ते मला म्हणाले.

नाना आले. मंगलच्या डोक्यावर पहिली अक्षता त्यांनी टाकली, आणि पोरगी आष्ट्याच्या जीपमध्ये बसताना त्यांच्या गळ्यात पडून इतकी रडली की नवरदेवाचे मामा घड्याळ बघायला लागले.

लग्नानंतरच्या आठवड्यात माझ्या बदलीचा कागद आला. सांगली. मी नाचतच घरी आले, सुभेदारांना सांगायला. तर पुढच्या खोलीत सामान बांधलेलं. रेडिओ पोत्यात, भांडी टोपलीत, काकू पदर खोचून दोऱ्या आवळतायत. बाहेर बैलगाडी उभी.

"कुठं निघालात?" मी विचारलं. "हे घर? एवढं हौसेनं बांधलेलं?"

"घर हितंच हाय. तुमी हाय तवर तुमी ऱ्हावा, मंग तुमच्यामागनं येईल ती बाई ऱ्हाईल," सुभेदार म्हणाले. "आमी वर चाललो, गावात."

"कायमचे?"

"माज्या नावानं आईला सबूद दिल्याला हाय, बाई. अकरा वर्सं झाली, पाळायचा ऱ्हायलाय."

एवढं बोलून ते पलंगाच्या एका टोकाशी गेले, वाकले आणि मला म्हणाले, "धरा तिकडनं." मी पिशवी खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं.